भाऊ दाजींचे न लिहिलेले जर्नल

सबमिशनचा आठवडा आला की होस्टेलच्या कोणत्याही खोलीत डोकवा, दृश्य एकच. मध्ये एक जर्नल आणि भोवती चार डोकी. रीडिंग कुणी घेतले, प्रयोग कुणी केला हे कुणालाच आठवत नाही, पण जर्नल मात्र सगळ्यांचे पूर्ण! प्रयोग न करता जर्नल लिहिणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. आज गोष्ट सांगायची आहे ती याच्या उलट माणसाची. त्याने वर्षानुवर्षे प्रयोग केला, त्यात यशही दिसू लागले, आणि जर्नल मात्र लिहायचे राहून गेले. त्या माणसाचे नाव डॉ. भाऊ दाजी लाड, आणि प्रयोग होता महारोगावरच्या, म्हणजे कुष्ठरोगावरच्या औषधाचा.

मुंबईच्या डॉक्टरची गोष्ट चांदूरच्या पोराने काहून सांगावी, असे तुम्ही म्हणाल. गावाचे नाव सांगितले की समोरचा पहिल्यांदा विचारतो, चांदूर बाजार का? नाही बावा, चांदूर रेल्वे! मुंबई-नागपूर लाइनवर, बडनेरा आणि धामणगावच्या मधले. आमच्या स्टेशनावरून एका दिशेने गेलो तर बडनेऱ्याला उतरून अमरावतीचे तपोवन गाठता येते. ते डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी कुष्ठरुग्णांसाठी उभे केले. दुसऱ्या दिशेने गेलो तर वर्ध्याजवळ दत्तपूर. ते मनोहर दिवाणांनी १९३६ साली सुरू केले, तेही कुष्ठरुग्णांसाठीच. लहानपणी प्लॅटफॉर्मवर बोटे झडलेला एखादा माणूस दिसला की मोठी माणसे हात धरून आम्हाला बाजूला ओढायची. का ओढायची, हे विचारायची सोय नव्हती. त्या 'का'चा शोध घेता घेता मी भाऊ दाजींपर्यंत पोहोचलो.

भाऊंचे खरे नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. जन्म १८२२ चा, गोव्यातल्या पेडणे भागातल्या मांद्रे गावचा. घरची गरिबी. वडील मातीच्या बाहुल्या करून विकत. कुटुंब मुंबईला आले. पोरगा बुद्धिबळात भलताच तरबेज निघाला. एका इंग्रज माणसाने त्याचा खेळ पाहिला आणि याला इंग्रजी शिकवाच, असा वडिलांकडे आग्रह धरला, असे सांगतात. एल्फिन्स्टनमध्ये शिक्षण झाले, तिथेच शिकवण्याची नोकरीही मिळाली. कच्छ-काठेवाडातल्या बालिकाहत्येवर लिहिलेल्या निबंधाला बक्षीस मिळाले. सुखाने मास्तरकी करत राहता आले असते. पण १८४५ साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले आणि भाऊ नोकरी सोडून पुन्हा विद्यार्थी झाले. तिथून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत ते होते. १८५१ साली त्यांनी प्रॅक्टिस सुरू केली.

पुढची वीस-बावीस वर्षे हा माणूस किती ठिकाणी होता, हे वाचून दम लागतो. धाकटे भाऊ नारायण दाजी हेही डॉक्टर. दोघांनी मिळून गरिबांसाठी मोफत दवाखाना चालवला. १८५२ साली बॉम्बे असोसिएशन ही राजकीय संस्था निघाली, तिचे भाऊ चिटणीस. मुलींच्या शाळांसाठी त्यांनी पैसा उभा केला. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले तेव्हा पहिल्या फेलोंमध्ये त्यांचे नाव होते. भायखळ्याच्या राणीच्या बागेतले म्युझियम उभे राहावे म्हणून ज्यांनी खटपट केली, त्यांतले ते एक प्रमुख. हे म्युझियम १८७२ साली लोकांसाठी उघडले आणि १९७५ पासून भाऊंच्याच नावाने ओळखले जाते. मुंबईचे शेरीफपद मिळालेले ते पहिले भारतीय, तेही दोनदा, १८६९ आणि १८७१ मध्ये.

एवढ्यावर भागले असते तर ते भाऊ कसले! जुने शिलालेख, ताम्रपट, नाणी, हस्तलिखिते यांचे त्यांना वेड होते. आर्यभट आणि वराहमिहिर यांचा काळ ठरवणारा त्यांचा निबंध १८६५ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. गिरनारचा रुद्रदामनाचा लेख त्यांनी वाचला. अजिंठ्याला जाऊन तिथल्या लेण्यांतले लेख वाचले, त्यांचे भाषांतर केले. त्यांतला सोळाव्या लेण्यातला लेख आपल्या विशेष जिव्हाळ्याचा, कारण त्यात वाकाटक राजांची वंशावळ आहे. वाकाटक म्हणजे आपल्या विदर्भाचे राजे. तेव्हा वऱ्हाडातल्या माणसाने भाऊंचे थोडे देणे लागतो, एवढे ध्यानात ठेवावे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्या या डॉक्टरला संस्कृत उत्तम येत होते. जुन्या वैद्यकग्रंथांत ज्या वनस्पतींचे एवढे गुण गायले आहेत त्या खरेच उपयोगी आहेत का, हे रोग्यावर पारखून पाहावे, असे त्यांनी ठरवले. त्यात कुष्ठरोगावर त्यांच्या हाती लागली कडू कवठाची बी. आपल्याकडे शेताच्या बांधावर असते ते कवठ हे नव्हे. चटणीचे कवठ वेगळे. कडू कवठ, यालाच खष्ट किंवा कवटी म्हणतात, हे सह्याद्रीच्या ओल्या जंगलातले झाड. शास्त्रीय नाव हिडनोकार्पस. सुश्रुतसंहितेतला तुवरक तो हाच, असे मानतात. ईशान्येकडे आणि ब्रह्मदेशात याचा भाऊबंद आहे, चौलमुग्रा. डॉ. मौआत यांनी १८५४ मध्ये कलकत्त्याहून चौलमुग्राची माहिती इंग्रज डॉक्टरांपुढे मांडली होती. मुंबईत भाऊंनी कडू कवठावर काम धरले.

रोग्यांची संख्या वाढत गेली. चट्टे फिकट होतात, गाठी बसतात, असे दिसू लागले आणि बातमी वर्तमानपत्रांत गेली. लोक विचारू लागले की हे औषध कोणते, किती द्यायचे, कसे द्यायचे? भाऊंनी सांगितले नाही. आपली पूर्ण खात्री पटेपर्यंत ते जाहीर करायचे नाही, असा त्यांचा पवित्रा होता. झाली टीका सुरू. डॉक्टर असून गुप्त औषध ठेवतो, म्हणजे वैदूच की! भाऊंना पैसे करायचे असते तर मोफत दवाखाना चालवण्याची त्यांना गरज नव्हती. पण डॉक्टरकीच्या धंद्याचा नियमच असा आहे की औषध उघड करा, दुसऱ्यांना तपासू द्या. त्या नियमात भाऊ बसत नव्हते.

त्यांची बाजूही थोडी बघू. कुष्ठरोग फार सावकाश चालतो. जंतू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत पाच-पाच, कधी वीस वर्षे जातात. रोग आपोआपही कमीजास्त होतो. त्यामुळे वर्षभराच्या गुणावर निकाल देणे धोक्याचे. त्यातून हा रोग जंतूमुळे होतो हेच तेव्हा माहीत नव्हते. नॉर्वेत हॅन्सन यांनी तो जंतू १८७३ मध्ये पाहिला, म्हणजे भाऊंच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी. हा जंतू आजही प्रयोगशाळेतल्या कोणत्याही कृत्रिम माध्यमावर वाढत नाही. तेव्हा भाऊंना थांबावेसे वाटले हे समजण्यासारखे आहे. पण थांबणे वेगळे आणि लिहून न ठेवणे वेगळे.

आणि काळ थांबला नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ पासून आपल्या वऱ्हाडी कापसाला सोन्याचा भाव आला होता. त्या पैशावर मुंबईत शेअरचा जुगार रंगला. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, आणि मुंबईतले भले भले बुडाले. भाऊंनाही त्याची मोठी झळ लागली. पुढे प्रकृती ढासळली, पक्षाघात झाला. ३१ मे १८७४ रोजी ते गेले. वय जेमतेम बावन्न. पुढच्याच वर्षी नारायण दाजीही गेले. औषधाचे प्रमाण, रोग्यांच्या नोंदी, गुण किती आणि अवगुण किती, यांचा दुसऱ्याला वापरता येईल असा हिशेब मागे राहिला नाही. इतिहासावरचे त्यांचे निबंध मात्र १८८८ मध्ये एकत्र छापले गेले. म्हणजे बघा, चौदाशे वर्षांपूर्वी दगडात कोरलेला मजकूर ज्यांनी जगाला वाचून दाखवला, त्यांच्या स्वतःच्या औषधाचा एक कागद वाचायला मिळत नाही!

आता आपण अभियांत्रिकीवाले, म्हणून त्या बीत काय होते ते रसायनशास्त्राच्या अंगाने पाहू. भाऊंच्या नंतर तीस वर्षांनी, १९०४-०५ मध्ये, लंडनच्या वेलकम प्रयोगशाळेत फ्रेडरिक पॉवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या तेलांतून दोन नवी आम्ले वेगळी केली. एक चौलमुग्रिक आम्ल, दुसरे हिडनोकार्पिक आम्ल. कडू कवठाच्या तेलात हिडनोकार्पिकचा वाटा सर्वांत मोठा.

हिडनोकार्पिक आम्लाच्या रेणूत कार्बनचे १६, हायड्रोजनचे २८ आणि ऑक्सिजनचे २ अणू. रेणुभार सुमारे २५२. साध्या मेदाम्लात कार्बनची सरळ साखळी असते. इथे साखळीच्या शेपटाला पाच कार्बनचे कडे लागलेले असते आणि त्या कड्यात एक दुहेरी बंध. निसर्गात हे प्रकरण दुर्मिळ. कडे जिथे साखळीला जोडले जाते तो कार्बन असममित, म्हणून हे आम्ल ध्रुवीय प्रकाशाचे प्रतल उजवीकडे फिरवते. बहुतेक खाद्यतेले हे करत नाहीत, त्यामुळे तेल अस्सल की भेसळीचे हे पोलॅरीमीटरवर लगेच कळते. शुद्ध आम्लाचे पांढरे चकचकीत स्फटिक सुमारे ६० अंश सेल्सिअसला वितळतात. पाण्यात विरघळत नाही. ईथर आणि क्लोरोफॉर्ममध्ये सहज विरघळते.

ते काढायची रीत फारशी अवघड नाही. बी फोडून आतला मगज घाण्यात गार दाबला की पिवळसर तेल मिळते. थंडीत ते खोबरेल तेलासारखे गोठते. हे तेल अल्कलीबरोबर उकळले की साबण होतो, म्हणजे आपले फर्स्ट इयरचे सॅपोनिफिकेशन. साबणाच्या द्रावणात खनिज आम्ल टाकले की मेदाम्ले मोकळी होऊन वर येतात. मग अल्कोहोलमधून पुन्हा पुन्हा स्फटिकीकरण करून ती एकमेकांपासून वेगळी करायची.

खरी अडचण त्यापुढची. हे औषध रोग्याला द्यायचे कसे? तेल पोटात घेतले तर चव किळसवाणी आणि मळमळ, उलट्या इतक्या की रोगी आठवड्यात औषध सोडून द्यायचा. टोचून द्यावे तर घट्ट तेल कातडीखाली साचून राहायचे, दुखायचे, गाठी आणि गळवे व्हायची. चोपडावे तर फारसा उपयोग नाही. झाडाची जातही विषारी गुणाची. याच्या काही जातींची फळे माशांना गुंगी आणण्यासाठी वापरत. जर्मनीत तर १९१० साली भलताच प्रकार झाला. हे तेल दुसऱ्या नावाने मार्गारिनमध्ये मिसळले गेले आणि हँबुर्ग-आल्टोना भागात कितीतरी माणसे उलट्यांनी बेजार झाली. तेव्हा जंगलातून बिया आणून घरच्या घरी कुणाला तेल पाजण्याचा उद्योग करू नये, ही हात जोडून विनंती.

ही अडचण सोडवण्यात मोठा वाटा उचलला तो तेवीस वर्षांच्या एका मुलीने. ॲलिस बॉल तिचे नाव. कृष्णवर्णीय अमेरिकन. हवाईच्या कॉलेजातून १९१५ मध्ये रसायनशास्त्राची मास्टर्स पदवी घेणारी पहिली स्त्री. तिथल्या कुष्ठरुग्णांवर उपचार करणाऱ्या डॉ. हॉलमन यांनी तिला गाठले. तिने चौलमुग्राच्या तेलातल्या आम्लांचे एथिल एस्टर करून ते वेगळे काढण्याची पद्धत बसवली. एथिल अल्कोहोल, वर थोडे तीव्र आम्ल आणि उष्णता, एस्टर तयार! प्रॅक्टिकलला गोड वास येतो म्हणून आपण ज्या एस्टरची गंमत करतो, त्याच कुळातले हे. घट्ट तेलाच्या जागी पातळ द्रव मिळाला. सुईतून सहज जाणारा, शरीरात शोषला जाणारा. व्हायवासाठी एक मुद्दा देऊन ठेवतो. हिडनोकार्पिक आम्लाचा एथिल एस्टर आणि चौलमुग्रिक आम्ल यांचे रेणुसूत्र अगदी एकच आहे, कार्बन १८, हायड्रोजन ३२, ऑक्सिजन २. सूत्र तेच, पण एक द्रव आणि एक स्फटिक. आयसोमर म्हणजे काय, याचे याहून चांगले उदाहरण शोधून सापडायचे नाही.

पण ॲलिसचेही नशीब पाहा. निष्कर्ष छापून येण्याआधीच, १९१६ च्या शेवटच्या दिवशी, ती वारली. वय फक्त २४. कॉलेजचे अध्यक्ष डीन यांनी काम पुढे नेले आणि तिचे नाव न घालता छापले. १९२२ मध्ये डॉ. हॉलमन यांनी एका लेखात ही पद्धत बॉल यांची आहे असे स्पष्ट लिहिले, म्हणून ती आज आपल्याला माहीत आहे. विद्यापीठाने तिच्या नावाची पाटी लावली २०००  साली, चौलमुग्राच्याच झाडाला. भाऊंनी लिहिले नाही आणि ॲलिसला लिहायला वेळ मिळाला नाही. तिचे काम दुसऱ्याच्या वहीत शिल्लक राहिले, भाऊंच्या बाबतीत तेवढेही झाले नाही.

पुढे वीस-पंचवीस वर्षे जगभर याच एस्टरच्या आणि तेलाच्या सुया चालल्या, आपल्या देशातही. गुण काहींना आला, सगळ्यांना नाही. सोडले की रोग परत यायचा. सुया वर्षानुवर्षे घ्याव्या लागत आणि त्या दुखत. जंतूला लागणाऱ्या बायोटिन या जीवनसत्त्वाच्या कामात हे आम्ल अडथळा आणते, असे नंतरच्या काही प्रयोगांत दिसले. १९४१ मध्ये अमेरिकेत कारव्हिल इथे सल्फोन गटाचे औषध वापरून पाहिले गेले, पाठोपाठ डॅप्सोनच्या गोळ्या आल्या आणि कडू कवठाचे राज्य संपले. गंमत म्हणजे डॅप्सोन हा रेणू १९०८ पासूनच तयार होता, पण तो कुष्ठरोगावर चालेल हे कळायला तीसहून अधिक वर्षे गेली. आता डॅप्सोन, रिफॅम्पिसिन आणि क्लोफाझिमिन अशी औषधे एकत्र देतात. ही बहुविध औषधपद्धत जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये सुचवली. सहा महिने किंवा वर्षभराचा कोर्स, सरकारी दवाखान्यात फुकट. औषध सुरू झाले की थोड्याच काळात रोग्यापासून दुसऱ्याला लागण होण्याची भीती जवळजवळ संपते.

म्हणजे लहानपणी आम्हाला बाजूला ओढणाऱ्या त्या हाताला काही कारण नव्हते. झडलेली बोटे दिसतात ती जुन्या, बऱ्या झालेल्या रोगाचीही खूण असू शकते. मज्जातंतू मेल्यामुळे चटका कळत नाही, जखम कळत नाही, आणि बोटे जातात. पण भीती औषधाइतक्या वेगाने जात नाही. कुष्ठरुग्णांना वेगळे डांबण्याचा १८९८ चा कायदा रद्द व्हायला २०१६ साल उजाडावे लागले. नवरा किंवा बायकोला कुष्ठरोग झाला, एवढ्यावरून घटस्फोट मागता येत असे. ती तरतूद २०१९ मध्ये निघाली. डिसेंबर २००५ मध्ये देशाने दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण हा टप्पा गाठला आणि बहुतेकांना वाटले रोग संपला. संपला नाही. जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या रुग्णांत निम्म्याहून जास्त आपल्या देशातले असतात.

म्हणून मित्रांनो, दोन गोष्टी मनापासून सांगाव्याशा वाटतात. आपल्या किंवा रूममेटच्या अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि त्यावर टाचणीचा स्पर्श कळत नसेल, तर लपवू नका, सरळ सरकारी दवाखान्यात जा. लवकर गेलात तर बोट काय, नखही जाणार नाही. आणि दुसरी गोष्ट सबमिशनची. रीडिंग चुकले असेल तर चुकलेलेच लिहा, खात्री नसेल तर खात्री नाही असे लिहा, पण ज्या दिवशी घेतले त्याच दिवशी लिहा. भाऊ दाजींसारख्या विद्वानालाही पूर्ण खात्रीचा दिवस उजाडलेला पाहता आला नाही. आपल्या पहिल्या पिढीतल्या डॉक्टराने मुंबईत, आपल्याच मातीतल्या झाडावर केलेले काम त्यांच्याबरोबर गेले, आणि पुढच्यांना लंडन आणि हवाईत पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करावी लागली. मधल्या काळात तपोवनासारख्या ठिकाणांचीही सोय नसलेले किती रोगी रस्त्यावर बसून राहिले असतील, त्याचा हिशेब कोणत्याच वहीत नाही.

मुंबईला इंटरव्ह्यूला गेलात आणि हाती दोन तास असले, तर भायखळ्याला उतरून भाऊंचे म्युझियम जरूर पाहून या. परतीच्या गाडीत चांदूर रेल्वे आले की खिडकीतून आमच्या प्लॅटफॉर्मवरही एक नजर टाका. तिथे हात आखडलेला कुणी बसलेला दिसलाच, तर पाय आखडून घेऊ नका.